वेल्श माध्यमाची शाळा: कौन्सिलची नजर कुठवर पोचते, आणि आपण काय विचारायचं

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. वर्षभरापूर्वी पुण्याहून दक्षिण वेल्समध्ये आलात, मुलगी साडेतीन वर्षांची, मुलगा नऊचा. जवळच वेल्श माध्यमाची प्राथमिक शाळा आहे, बघून आलात आणि आवडलीही. पण शेजारी म्हणाले, ‘सरकारने कौन्सिलला आकडा दिलाय, तो भरायला मुलं गोळा करतात. पुढे मूल अडखळलं तर कुणी विचारत नाही.’ म्हणून तुम्ही विचारताय की या शाळांवर कौन्सिलची (म्हणजे आपल्याकडच्या महापालिकेसारख्या स्थानिक संस्थेची) देखरेख नेमकी किती असते, आणि ज्यांच्या घरी वेल्शचा एक शब्द नाही अशा मुलांकडे कोण बघतं.

मी मूळची सांगलीची, वीसेक वर्षं वेल्समध्ये आहे. वेल्श इथेच, प्रौढांच्या वर्गात शिकले. आधी वर्गात मदतनीस, मग शिक्षिका, आणि नंतर आठ वर्षं एका इमर्शन केंद्रात होते. उशिरा वेल्श माध्यमाकडे वळणाऱ्या मुलांना शाळेत मिसळता येईल इतकी भाषा तिथे शिकवतात. नोकरी सोडल्यावर माझ्या मुलीच्या शाळेची पालक-गव्हर्नर झाले, म्हणजे शाळेचा कारभार बघणाऱ्या मंडळावर पालकांची सदस्य, आणि पालक-गव्हर्नरांची प्रतिनिधी म्हणून कौन्सिलच्या शिक्षण छाननी समितीवर बसले. कौन्सिलच्या कामाची उलटतपासणी ही समिती करते. त्यामुळे कौन्सिलला अहवाल लिहून देण्याचं आणि तो अहवाल समोर घेऊन प्रश्न विचारण्याचं, दोन्ही कामं केली आहेत.

शेजाऱ्यांचं अर्धं बरोबर आहे. आकडा आहे, आणि तो लपवलेला नाही. 2050 पर्यंत दहा लाख वेल्श बोलणारे, असं उद्दिष्ट वेल्स सरकारने 2017 मध्ये जाहीर केलं. त्यासाठी वेल्श माध्यमात शिकणाऱ्या मुलांचं प्रमाण 2031 पर्यंत दर वर्गात 30 टक्क्यांवर आणि 2050 पर्यंत 40 टक्क्यांवर न्यायचं आहे. सुरुवात झाली तेव्हा ते 22 टक्क्यांच्या आसपास होतं. मधल्या काळात 2021 ची जनगणना आली आणि सगळ्यांच्या पोटात गोळा आला. वेल्श बोलणारे 2011 मध्ये 5 लाख 62 हजार होते, ते 5 लाख 38 हजारांवर आले. 5 ते 15 वयोगटातलं प्रमाण 40.3 वरून 34.3 टक्क्यांवर घसरलं. या घसरणीमुळे कौन्सिलांवर दडपण आहे, हे मान्यच.

उरलेलं अर्धं, म्हणजे ‘पुढे कुणी विचारत नाही’, हे तुमच्या कौन्सिलवर आणि बऱ्याच अंशी तुमच्यासारख्या पालकांवर अवलंबून आहे. सविस्तर लिहिण्याचं कारण तेच.

आधी कौन्सिल यात आली कुठून ते बघू. वेल्श माध्यमाची पहिली शाळा 1939 मध्ये अ‍ॅबरिस्टविथला निघाली, ती खासगी होती आणि सात मुलांवर सुरू झाली. स्थानिक शिक्षण प्राधिकरणाने (म्हणजे कौन्सिलनेच) स्वतः काढलेली पहिली शाळा लानेल्लीची अस्गोल देवी सान्त, 1947 सालची. (अस्गोल म्हणजे शाळा.) पुढची कितीतरी वर्षं क्रम एकच होता: पालकांनी एकत्र यायचं, सह्या गोळा करायच्या, कौन्सिलच्या दारात जाऊन बसायचं, मग कधीतरी वर्ग मिळायचा. मागणी सिद्ध करणं हे पालकांचं काम होतं. 2013 च्या कायद्याने हे उलटं केलं. वेल्समधल्या 22 ही कौन्सिलांना वेल्श शिक्षणाचा आराखडा करणं बंधनकारक झालं. सध्याचे आराखडे दहा वर्षांचे आहेत, सप्टेंबर 2022 पासूनचे. म्हणजे ‘मागणी नाही’ असं म्हणून आता कौन्सिलला हात झटकता येत नाहीत. जागा तयार करायच्या, लोकांना सांगायचं, मुलं यायला लागली की वाढवायचं, ही तिची जबाबदारी आहे. शेजाऱ्यांना जे ‘गोळा करणं’ वाटतं त्यातलं बरंचसं हे कायद्याने नेमून दिलेलं काम आहे.

आराखड्यात सात उद्दिष्टं असतात. पहिली दोन प्रवेशाची: तीन वर्षांची किती मुलं वेल्श नर्सरीत, पाच वर्षांची किती वेल्श शाळेत. तिसरं टप्प्याटप्प्याच्या गळतीचं, म्हणजे एका पायरीवरून पुढच्या पायरीवर जाताना किती मुलं वेल्शमध्येच राहतात. चौथं परीक्षांचं, पाचवं वर्गाबाहेर भाषा वापरण्याचं, सहावं विशेष गरजा असलेल्या मुलांचं, सातवं शिक्षकांचं. दरवर्षी कौन्सिलने यावर सरकारला अहवाल द्यायचा असतो.

माझा अनुभव असा की पहिल्या दोन उद्दिष्टांवर सगळ्यांचं लक्ष असतं, कारण ती मोजायला सोपी आहेत. सप्टेंबरात पटावर किती नावं आली ते बघितलं की झालं. समितीवरच्या माझ्या पहिल्याच बैठकीत वार्षिक अहवाल समोर आला होता. प्रवेशाच्या रकान्यात हिरवा रंग, सभासद खूश, पाच मिनिटांत विषय संपत आला. मी विचारलं, ‘सहावीतून किती मुलं वेल्श माध्यमिक शाळेत गेली आणि किती इंग्रजीत?’ अधिकारी बाई चांगल्या होत्या, टाळाटाळ केली नाही. पण आकडा कागदावर नव्हता. तो पुढच्या बैठकीला आला, आणि तेव्हा कळलं की एका विशिष्ट गावातून दरवर्षी मुलं गळत होती. कारण अगदी साधं होतं. त्या गावातून माध्यमिक शाळेची बस पहाटे निघायची, आणि इंग्रजी शाळा चालत जाण्याच्या अंतरावर होती. भाषेचा यात काही संबंधच नव्हता. कुणी विचारलंच नसतं तर रकाना हिरवाच राहिला असता.

म्हणून तुम्हाला पहिला सल्ला: तुमच्या कौन्सिलचा आराखडा आणि अगदी अलीकडचा वार्षिक अहवाल वेबसाइटवरून काढा आणि थेट तिसऱ्या उद्दिष्टावर जा. नर्सरी ते रिसेप्शन (पहिलीच्या आधीचा वर्ग), प्राथमिक ते माध्यमिक, या सांध्यांवर किती मुलं टिकतात ते स्पष्ट लिहिलेलं असेल, तर ती कौन्सिल मुलं पटावर आल्यानंतरही बघते असं समजा. तिथे नुसतीच गोड वाक्यं असतील तर विचारायला हवं. छाननी समितीच्या बैठका लोकांसाठी खुल्या असतात, कार्यक्रमपत्रिका आधी लागते, बऱ्याच ठिकाणी त्या ऑनलाइनही बघता येतात. तुमच्या भागातल्या नगरसेवकाला दोन ओळींचा ईमेल पाठवून प्रश्न विचारायला लावता येतो. शिक्षणावरच्या या समितीत पालक-गव्हर्नरांच्या प्रतिनिधींना मतदानाचा हक्क असतो. त्यांना गाठा. आपल्याला कुणी प्रश्नच पाठवत नाही, ही त्यांची नेहमीची तक्रार असते.

आता कौन्सिल काय बघत नाही ते. वर्गात कसं शिकवतात हा मुख्याध्यापक आणि गव्हर्नर मंडळाचा भाग. त्याची तपासणी एस्टिन करते, ही वेल्सची स्वतंत्र शिक्षण निरीक्षण संस्था. शाळेचा एस्टिन अहवाल जाहीर असतो, तो वाचाच, आणि वेल्श न बोलणाऱ्या घरांतली मुलं किती लवकर बोलती होतात याबद्दल त्यात काय लिहिलंय ते शोधा. एस्टिन कौन्सिलच्या शिक्षण विभागाचीही तपासणी करते, हे फार कमी पालकांना माहीत असतं. वर्गाबद्दल तक्रार असेल तर आधी शिक्षिका, मग मुख्याध्यापक, मग गव्हर्नरांचे अध्यक्ष, हा रस्ता. प्रवेश, बस आणि इमर्शन केंद्र यासाठी मात्र कौन्सिल. विशेष गरजांसाठी शाळा आणि कौन्सिल दोघांकडे जावं लागतं. लोक चुकीच्या दारात महिनोन्‌महिने उभे राहतात, म्हणून हे आधीच सांगितलं.

तुमच्या मुलीचं बोलू. साडेतीन हे इमर्शनसाठी, म्हणजे सगळं त्याच भाषेतून करत ती शिकण्यासाठी, उत्तम वय आहे. नर्सरीपासून सात वर्षांपर्यंत सगळं वेल्शमधून चालतं, आणि नव्या अभ्यासक्रमात इंग्रजी सक्तीची होते ती सातव्या वर्षापासून. ‘मग इंग्रजीचं काय?’ हा प्रश्न मला शेकडो पालकांनी विचारला असेल. इंग्रजी खेळाच्या मैदानावर असते, टीव्हीवर असते, दुकानात असते. ती इथे कुठल्याही मुलाची चुकत नाही. दक्षिण-पूर्व वेल्समधल्या या शाळांत बहुसंख्य मुलं वेल्श न बोलणाऱ्या घरांतूनच येतात, शिक्षक तेच गृहीत धरून शिकवतात, आणि घरी येणारी पत्रं दोन्ही भाषांत असतात. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. नर्सरीत जागा मिळाली म्हणजे रिसेप्शनची पक्की झाली असं नाही. त्यासाठी पुन्हा वेगळा अर्ज कौन्सिलकडे करावा लागतो. दरवर्षी कुणी ना कुणी पालक यात फसतात.

आणि घरी मराठी सोडू नका. शाळेत वेल्श, बाहेर इंग्रजी, घरी मराठी, हे मुलांना जड जात नाही. जड जातं ते आईवडिलांनी मोडक्यातोडक्या तिसऱ्या भाषेत बोलायला लागणं. मराठी घरातल्या मुलांना वेल्श शिकताना काही गोष्टी तर आयत्या मिळतात. वेल्शमध्ये ‘ती’ आणि ‘खी’ आहे, म्हणजे आपलं तू आणि तुम्ही. इंग्रजी घरातल्या मुलाला हा भेद समजावून सांगावा लागतो, आपल्या मुलाला आजीशी बोलताना कसं बोलतोस एवढं विचारलं की पुरतं. लिहिलं तसंच वाचायचं, हेही बरंचसं देवनागरीसारखं.

मुलाचं प्रकरण वेगळं आहे, आणि इथेच कौन्सिलचा खरा कस लागतो. नऊ वर्षांच्या मुलाला थेट वेल्श वर्गात बसवलं तर तो पहिले काही महिने नुसता ऐकत राहील, आणि गणितात हुशार असूनही मागे पडेल. यासाठी इमर्शन केंद्रं असतात. वायव्य वेल्समधल्या ग्विनेद कौन्सिलमध्ये ती 1984 पासून आहेत. इतर अनेक भागांत 2021 नंतर सरकारी अनुदान आल्यावर निघाली किंवा वाढली. पद्धत जागोजागी निराळी. कुठे स्वतंत्र केंद्रात साधारण एक सत्र जायचं, काही ठिकाणी आठवड्याचे चार दिवस केंद्रात आणि एक दिवस स्वतःच्या शाळेत, तर कुठे शिक्षिकाच शाळेत येते. ग्विनेदने तर अबेरुला नावाचं आभासी गावही बनवलंय. डोळ्यांवर हेडसेट लावून मूल त्या गावात फिरतं आणि भेटेल त्याच्याशी वेल्शमध्ये बोलतं.

आमच्या केंद्रात असं काही नव्हतं. आमच्याकडे टिश्यूच्या पट्ट्या होत्या. वेल्शमध्ये एक ‘ल्ल’ आहे, तो बाहेरच्या माणसाला आपल्या ‘ळ’सारखाच उघडा पाडतो. जीभ ‘ल’च्या जागी ठेवायची आणि बाजूंनी नुसती हवा सोडायची. चमच्याला ‘ल्लुइ’ म्हणतात. पहिल्या दिवशी आम्ही स्वयंपाकघराचा खेळ मांडायचो, प्रत्येकाच्या गालाशी टिश्यूची पट्टी धरायची आणि चमचा मागायला लावायचं. पट्टी हलली की चमचा मिळाला. दहा मिनिटांत खोलीत हसण्याचा गोंधळ, आणि लाजणारं मूल बोलून जायचं. दुसरी शिकवण ‘गा इ व्हिंड इर टी बाख?’, म्हणजे बाथरूमला जाऊ का. ते पहिल्या दिवशी यायलाच हवं, नाहीतर मूल अवघडून बसतं.

एक कोल्हापूरचा मुलगा होता, तुमच्या मुलाच्याच वयाचा. वेल्शमध्ये शब्दाचं पहिलं अक्षर बदलतं. मांजर म्हणजे ‘काथ’, पण ‘तुझं मांजर’ म्हणताना ‘गाथ’, ‘तिचं मांजर’ म्हणताना ‘खाथ’. इंग्रजीतून आलेली मुलं इथे रडकुंडीला येतात. हा थोडा वेळ गप्प बसला आणि मला हळूच मराठीत म्हणाला, ‘मॅडम, आपण घोड्याला म्हणताना शेवट बदलतो, हे सुरुवात बदलतात, एवढंच ना?’ त्या दिवसापासून तो बाकीच्यांना समजावून द्यायला लागला. सत्र संपलं तेव्हा तो वर्गात टिकेल इतकं बोलत होता. पण खरी परीक्षा पुढे असते. केंद्रातून शाळेत परत गेल्यावर सहा महिने कुणी पाठीशी राहिलं तर भाषा मुरते, नाहीतर मूल पुन्हा इंग्रजी बोलणाऱ्या टोळक्यात शिरतं. एका वर्षी आमच्याकडे पैसे आटले आणि हा पाठपुरावाच आधी कापला गेला, कारण अहवालात त्याचा रकाना नव्हता. केंद्रात किती मुलं आली हे मोजत होते, सहा महिन्यांनी ती काय बोलतात हे मोजत नव्हते. त्याचा राग मला अजून आहे.

तेव्हा मुलासाठी कौन्सिलला लेखी विचारा: पुढचं सत्र कधी सुरू होतं, जागा आहे का, केंद्रापर्यंतची ने-आण कोण करतं, आणि सत्र संपल्यावर शाळेत मदत किती आठवडे मिळते. चौथ्या प्रश्नाचं ठोस उत्तर आलं तर बिनधास्त पाठवा. आलं नाही आणि मुलगा आधीच पाचवी-सहावीच्या उंबऱ्यावर असेल, तर मी घाई करणार नाही. भावंडं एकाच शाळेत असावीत हे वाटणं साहजिक आहे, पण मुलीला वेल्श आणि मुलाला इंग्रजी अशी घरंही मी नीट चाललेली बघितली आहेत.

बसचं आधीच बघून ठेवा. 2008 च्या कायद्याप्रमाणे प्राथमिकला दोन मैल आणि माध्यमिकला तीन मैल किंवा त्याहून जास्त अंतर असेल तर सर्वात जवळच्या योग्य शाळेपर्यंत मोफत वाहतूक मिळते, आणि वेल्श शिक्षण लोकांच्या आवाक्यात आणणं हे कौन्सिलचं कर्तव्य मानलंय. बहुतेक कौन्सिल जवळची वेल्श शाळा ‘योग्य’ धरतात, पण नियमांचे तपशील आपापले असतात, ते वाचून घ्या. प्राथमिक शाळा जवळ असली तरी माध्यमिक कुठे आहे हे आजच नकाशावर बघा.

मुलाला किंवा मुलीला बोलण्यात वा वाचण्यात अडचण निघाली, तर कुणीतरी नक्की म्हणेल, ‘वेल्श सोडा, सोपं जाईल.’ लगेच ऐकू नका. 2018 च्या कायद्याखाली विशेष गरजा असलेल्या मुलाचा वैयक्तिक विकास आराखडा करताना मदत वेल्शमधून द्यायला हवी का याचा विचार करावाच लागतो, आणि हवी असेल तर ती मिळवून देण्यासाठी शक्य ते सगळं करावं लागतं. खरी अडचण वेल्श बोलणारे वाचातज्ज्ञ कमी असण्याची आहे. मात्र आधी तपासणी, मग निर्णय. उलटं नको.

कौन्सिलवर देखरेख करणारंही कुणी आहे का, असं तुम्ही शेवटी विचारलंय. आहे. सरकार आराखडा मंजूर करतं, एस्टिन तपासते, आणि वेळ आली तर पालक कोर्टात जातात. नीथ पोर्ट टॅल्बट कौन्सिलने पोंटारडावेला तीन शाळा बंद करून एक मोठी इंग्रजी शाळा बांधायचं ठरवलं होतं. पोंटारडावेच्या खोऱ्यात वेल्श अजून बोलली जाते. नव्या कोऱ्या इंग्रजी शाळेमुळे आजूबाजूच्या वेल्श शाळांचं काय होईल याचा अभ्यास लोकांचं मत मागवण्याआधी झालाच नव्हता. वेल्श शिक्षणासाठी झटणारी पालकांची संघटना न्यायालयात गेली आणि 2022 मध्ये उच्च न्यायालयाने तो निर्णय बेकायदा ठरवला. मला हा निकाल महत्त्वाचा वाटतो, कारण इंग्रजी शाळेचा निर्णयसुद्धा वेल्श शाळेचा निर्णय असतो, हे त्यामुळे अधिकाऱ्यांच्या डोक्यात बसलं.

शिवाय 2025 च्या जुलैमध्ये नवा कायदा झालाय. शाळांचे भाषेनुसार तीन प्रकार आता कायद्यात ठरले आहेत: मुख्यतः वेल्श, दुभाषिक, आणि मुख्यतः इंग्रजी पण काही भाग वेल्श. प्रत्येक शाळेला आपली भाषा-योजना करून ती कौन्सिलकडून मंजूर करून घ्यावी लागणार आहे. हे टप्प्याटप्प्याने लागू होईल, मुलगी प्राथमिकमध्ये असतानाच तुम्हाला ते दिसायला लागेल. कौन्सिलची नजर त्यामुळे एकूण आकड्यावरून एकेका शाळेपर्यंत येईल अशी मला आशा आहे. तुमच्या शाळेची योजना गव्हर्नरांपुढे येईल तेव्हा पालक म्हणून ती मागून वाचा.

शाळा पुन्हा बघायला जाल तेव्हा मधल्या सुट्टीत जा आणि पाचवी-सहावीची मुलं आपसांत कोणत्या भाषेत बोलतात ते पाच मिनिटं उभं राहून ऐका. शब्द कळले नाहीत तरी भाषा कोणती ते कळतं. नंतर मुलाची सध्याची इयत्ता, घरापासून माध्यमिक शाळेचं अंतर आणि कौन्सिलचं इमर्शनबद्दलचं उत्तर इथे लिहा. त्यावरून त्याच्याबद्दल मला जास्त नेमकं सांगता येईल.